याच घरात राहायचं असेल तर

ज्येष्ठांच्या घराबद्दल वाचक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक खरेदीचे असतात. कॅमेरा कुठला घ्यावा, गळ्यात अडकवायचं अलार्मचं बटण चांगलं की मनगटावरचं घड्याळ, रिक्लायनर घ्यावा की वरखाली होणारा पलंग. विचारणारी कधी सत्तरीतली जोडपी असतात, कधी बेंगळुरूला, दुबईला किंवा न्यू जर्सीला नोकरी करणारी त्यांची मुलं. काळजी खरी असते, पण रोख चुकलेला असतो. कॅमेऱ्यात पडलेला माणूस दिसतो, बटणाचा उपयोग पडल्यावर होतो, आणि पलंग कितीही चांगला असला तरी त्यावरून उठून रात्री अंधारात संडासाला जावंच लागतं. यांतल्या कुठल्याच वस्तूने माणसाचं पडणं टळत नाही. म्हणून या लेखात तुम्हाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: आधी भिंत, फरशी, दिवा आणि दरवाजा यांकडे बघा, त्यातही पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेकडे, आणि तोडफोडीची कामं अंगात बळ आहे तोवर उरका.

घरातल्या बदलांचा खरंच उपयोग होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि या मृत्यूंचं प्रमाण साठीपुढच्या लोकांत सर्वांत जास्त आहे. जीव वाचला तरी खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया होते, अंथरूण धरावं लागतं आणि पुन्हा पडण्याची धास्ती बसते. धास्तीने माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की पायांतली ताकद जाते आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. एकदा पडल्यावर स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने राहणं संपतं, ते अनेकदा असं.

घर सुधारून हे टळतं का, याचा चांगला पुरावा न्यूझीलंडच्या तारानाकी भागातून मिळाला. तिथे ८४२ घरांची दोन गटांत वाटणी केली. एका गटातल्या घरांत कारागिरांनी लगेच साधी कामं करून दिली: पायऱ्यांना कठडे, बाथरूममध्ये धरायला दांडे, दाराबाहेर दिवे, घसरणाऱ्या पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या. दुसऱ्या गटाला हीच कामं तीन वर्षांनी करून मिळाली. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात, कामं आधी झालेल्या घरांत पडून होणाऱ्या दुखापती सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळल्या. या कामांत महागडं उपकरण एकही नव्हतं. गवंडी, सुतार आणि इलेक्ट्रिशियन दोन दिवसांत उरकतील एवढंच सगळं काम.

वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातून याला एक महत्त्वाची पुरवणी मिळते. घरातल्या धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्यावर पडण्याचं प्रमाण एकूण २६ टक्क्यांनी घटलं, आणि ज्यांना पडण्याचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. ज्यांची निवड धोका बघून केलेली नव्हती, त्यांच्यात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर माझ्या मते अर्थ असा निघतो: साठी उलटली म्हणून धडधाकट माणसाने सगळं घर उलथंपालथं करायची गरज नाही. पण बाथरूमची किंवा फरशीची दुरुस्ती निघालीच असेल तर ती पुढच्या वीस वर्षांचा विचार करून करा, आणि धोक्याची पहिली खूण दिसली की उरलेली कामं महिनाभरात संपवा.

या खुणा घरातल्या सगळ्यांना माहीत असाव्यात:

- गेल्या वर्षभरात एकदा जरी पडणं झालं असेल, लागलं नसलं तरी
- खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, चालताना भिंत किंवा फर्निचर धरलं जातं
- उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते
- रात्री दोन किंवा अधिक वेळा लघवीला उठावं लागतं
- नुकतीच रुग्णालयातून सुट्टी मिळाली आहे
- झोपेची, रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची नवी गोळी सुरू झाली आहे

यांतली पहिली खूण सर्वांत जास्त लपवली जाते. मुलं काळजी करतील, बाहेर जाणं बंद करतील, आपल्याकडे यायला लावतील, म्हणून आईवडील पडल्याचं सांगत नाहीत. तुम्ही मुलाच्या जागी असाल, तर पडल्याचं कळल्यावर पहिलं वाक्य ‘एकटं कशाला उठलात?’ हे नको. ते ऐकलं की पुढचं पडणं तुमच्यापर्यंत पोचणार नाही. कुठे पडलात, किती वाजले होते, पायात काय होतं, दिवा लागलेला होता का, हे विचारा. बहुतेक वेळा दुरुस्तीची जागा त्या उत्तरांतच सापडते.

रात्रीची वाट

सुरुवात पलंगापासून करा. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. जाड गादीमुळे पाय लोंबकळत असतील तर पलंगाचे पाय कापून घ्या किंवा पातळ गादी घाला. जमिनीवर गादी घालून झोपायची सवय असेल आणि उठताना त्रास होत असेल, तर साधी लाकडी कॉटसुद्धा पुरते. उठल्याबरोबर चालू लागू नका. आडवं असताना आणि उभं राहताना रक्तदाबात फरक पडतो, वयाबरोबर आणि काही औषधांमुळे हा फरक वाढतो. काठावर मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. या सवयीला पैसा लागत नाही, आणि बाजारातलं कुठलंही उपकरण तिची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट उजेड. वयाबरोबर बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं आणि डोळ्यात पोचणारा प्रकाश बराच कमी होतो. तरुण माणसाला पुरेसा वाटणारा शून्याचा बल्ब ज्येष्ठांना पुरत नाही. पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटण हवं. वायरिंग करून घेणार असाल तर खोलीतल्या दिव्याला टू-वे स्विच घ्या, म्हणजे तो दाराजवळूनही आणि उशाजवळूनही लागतो. वायरिंग करायचं नसेल तर हालचाल झाली की आपोआप लागणारे सेन्सरचे छोटे दिवे पलंगाखाली, बोळात आणि बाथरूमच्या दाराशी लावा. ते गुडघ्याच्या खाली लावावेत, म्हणजे उजेड डोळ्यांवर न पडता फरशीवर पडतो. वीज जाणाऱ्या गावांत, वीज जाताच स्वतःहून लागणारा चार्जिंगचा दिवा याच वाटेवर टांगलेला हवा.

मग वाट मोकळी करा. पायपुसणी, सतरंज्या, गालिचे, मोबाइलच्या चार्जरची वायर, एक्स्टेंशन बोर्ड, वाटेत ठेवलेली पाण्याची बादली, पाळीव कुत्र्याचं अंथरूण. पायपुसणं हवंच असेल तर खालून रबर असलेलं आणि कडा न वळणारं घ्या. उंबरठा जुन्या घरांत दोन-तीन इंचांचा असतो. तो काढता येत नसेल तर फरशीपेक्षा अगदी वेगळ्या रंगाची पट्टी त्याच्या कडेला चिकटवा, म्हणजे मंद उजेडातही तो दिसेल. पायांत मागे पट्टा असलेली, न झिजलेल्या तळाची चप्पल हवी. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून चालू नका. आणि फरशीवर ओघळणारा गाऊन, धोतर किंवा साडी रात्रीपुरती तरी नको.

बाथरूम: पैसा इथे घाला

एकाच जागी खर्च करणं शक्य असेल तर तो बाथरूममध्ये करा. ओली फरशी, साबण, वाकणं, उठणं, वळणं आणि बंद कडी हे सगळं तिथे एकत्र येतं.

फरशीपासून सुरुवात करू. चकचकीत टाइल्स ओल्या झाल्या की निसटतात. नव्याने बसवत असाल तर मॅट किंवा खरखरीत फिनिशच्या, आणि शक्य तो आकाराने लहान घ्या. लहान टाइल्समध्ये सांधे जास्त येतात आणि पायाला पकड मिळते. दुकानात टाइलवर पाणी ओतून, त्यावर थोडा साबण चोळून अनवाणी पाय घासून बघा. नावाला अँटी-स्किड असलेल्या काही टाइल्स या परीक्षेत नापास होतात. आहेत त्याच टाइल्सवर राहायचं असेल तर खाली चोषक असलेली रबराची मॅट टाका आणि ती आठवड्याला उचलून धुवा. साबणाचा आणि क्षारांचा थर साचला की चांगली टाइलसुद्धा घसरते. उतार जाळीकडे नीट आहे ना, हे पाणी ओतून तपासा. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यावर मॅट हा उपाय नाही, तिथे गवंडीच लागतो.

ग्रॅब बार, म्हणजे धरायचा दांडा, बसवताना सर्वांत जास्त फसगत होते. टॉवेलचा रॉड हा ग्रॅब बार नाही. तोल गेलेल्या माणसाचं वजन तो पेलत नाही, भिंतीतून उपटून येतो. व्हॅक्यूमने टाइलला चिकटणारे दांडेही विश्वासाचे नाहीत, कारण त्यांची पकड कधी सुटेल ते सांगता येत नाही. दांडा स्टेनलेस स्टीलचा, मुठीत पूर्ण मावेल इतक्या जाडीचा, म्हणजे साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा हवा. भिंत आणि दांडा यांत बोटं मावतील, पण मनगट अडकणार नाही एवढीच फट हवी. स्क्रू टाइलमध्ये नाही, टाइलमागच्या भिंतीत खोल गेला पाहिजे. जुन्या इमारतींच्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर बहुधा चांगला बसतो. नव्या इमारतींत भिंती अनेकदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यांत साधा प्लास्टिकचा प्लग टिकत नाही, केमिकल अँकर लागतो. ओतीव काँक्रीटची भिंत असेल तर पकड उत्तम मिळते, मात्र आतल्या पाइपला भोक पडण्याची भीती असते, म्हणून प्लंबरला आधी पाइपची जागा दाखवायला लावा. बसवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दोन्ही हातांनी लोंबकळून बघावं. दांडा जरासाही हलला तर पैसे देऊ नका.

दांडा कुठे आणि किती उंचीवर लावायचा, हे कारागिराच्या अंदाजावर सोडू नका. तो वापरणाऱ्या माणसाला कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि तिथे खूण करा. एक दांडा कमोडच्या बाजूला, एक आंघोळीच्या जागी आणि एक उभा दांडा दाराशी, जिथे पायरी चढउतार होते. उजव्या हाताचं दुखणं असेल तर दांडा डावीकडे लागेल.

कमोडची नेहमीची उंची साधारण १६ इंच असते. गुडघेदुखी असलेल्यांना त्यावरून उठणं जड जातं. त्यासाठी वर बसवायची उंच सीट मिळते. ती घट्ट बसणारी घ्या, नुसती ठेवलेली सीट सरकते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर फोडून कमोड बसवण्याआधी थांबून विचार करा. फरशी फोडली की वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं, आणि ते नीट झालं नाही तर खालच्या घरात गळती सुरू होऊन वर्षभर भांडण चालतं. तोवर त्या संडासावर मांडता येणारी कमोड चेअर स्वस्तात काम भागवते. फोडायचंच ठरलं तर सोसायटीला लेखी कळवा, आवश्यक असेल तिथे परवानगी घ्या, खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगा आणि वॉटरप्रूफिंगची लेखी हमी घ्या.

आंघोळीच्या वेळी बरेच जण बादली उचलताना किंवा बुटक्या पाटावरून उठताना पडतात. भरलेली बादली पंधरा-वीस किलोची होते. ती नळाखालीच राहू द्या आणि नळाशेजारी बसून आंघोळ होईल अशी मांडणी करा, किंवा हँड शॉवर घ्या. बसायला रुंद पायांची, रबरी बूट असलेली आणि शक्य तर हात असलेली बाथ चेअर हवी. प्लास्टिकचं हलकं स्टूल ओल्या फरशीवर निसटतं. साबण आणि मग खांद्याच्या खाली, कमरेच्या वर ठेवा.

दाराकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. आपल्याकडे बाथरूमचं दार बहुधा आत उघडतं. आत माणूस दाराला टेकून पडला तर बाहेरून दार ढकलता येत नाही, आणि कडी लागलेली असेल तर दार फोडण्यात वेळ जातो. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारं करा, किंवा जागा नसेल तर सरकतं करा. कडी बाहेरूनही नाण्याने किंवा किल्लीने उघडता येईल अशी बसवा. कडी लावू नका असं सांगून भागत नाही, कारण आयुष्यभराची सवय आणि लाज दोन्ही त्या कडीशी जोडलेली असतात. शिवाय दाराची मोकळी रुंदी टेपने मोजून ठेवा. जुन्या घरांत ती जेमतेम दोन-सव्वादोन फूट असते, तर व्हीलचेअरला बहुधा त्याहून जास्त जागा लागते. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दारासाठी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट मोकळी रुंदी धरलेली आहे. वॉकर किंवा व्हीलचेअर विकत घेण्याआधी हा आकडा हातात असू द्या.

गिझरबद्दल दोन गोष्टी. गॅसचा गिझर बंद बाथरूमच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढा. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. विजेच्या गिझरसाठी घराच्या मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तो अनेकदा नसतोच.

स्वयंपाकघर आणि देवघर

रोजचे डबे, कुकर, तेल, पीठ हे खांद्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात आणा. माळ्यावरचं काढायला स्टूलवर चढणं साठीनंतर बंदच करा. वर्षातून दोनदा लागणारं सामान दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, तिच्यावरचं वर्ष बघा. गळती वाटली तर १९०६ हा गॅसचा तातडीचा क्रमांक आहे. समई आणि उदबत्ती पदर किंवा शालीचं टोक पोचणार नाही इतक्या अंतरावर हवी, आणि देवापुढे जमिनीवर बसणं जड जात असेल तर देवघर भिंतीवर उभ्याने पूजा करता येईल एवढ्या उंचीवर घ्या.

जिना

महाराष्ट्रातल्या शहरांत तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या सोसायट्या हजारोंनी आहेत, आणि त्यांतली मूळ सभासद मंडळी आता सत्तरीपुढे आहेत. तिथे सर्वांत स्वस्त आणि लगेच होणारं काम म्हणजे भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवणं. आपल्याकडे कठडा एकाच बाजूला असतो, त्यामुळे चढताना आधार मिळतो तो उतरताना दुसऱ्या हाताला येतो. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाचा पट्टा आणि प्रत्येक वळणावर दिवा, एवढं सोसायटीच्या देखभाल खर्चात सहज बसतं. प्रवेशाशी उतार करायचा असेल तर उंचीच्या बारापट लांबी लागते. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. याहून उभा उतार व्हीलचेअरला धोक्याचा आणि चालणाऱ्यालाही.

नंतर लिफ्ट बसवणं शक्य असतं, पण त्यासाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि महापालिकेची परवानगी लागते, आणि तळमजल्यावरचे सभासद खर्चाला विरोध करतात. हा विषय पाच वर्षं चालू शकतो. तुमचे गुडघे तोवर थांबणार नाहीत. अशा वेळी मी स्पष्ट सांगेन: तिसऱ्या मजल्यावरचं स्वतःचं घर भाड्याने द्या आणि त्याच परिसरात लिफ्ट असलेल्या इमारतीत किंवा तळमजल्यावर भाड्याने राहायला जा. शेजार, डॉक्टर, वाणी आणि बाग तीच राहतात. घराच्या चार भिंतींपेक्षा या गोष्टी म्हातारपणात जास्त उपयोगी पडतात.

शरीर आणि औषधं

घर सुधारून पायांतली ताकद येत नाही. व्यायामावरच्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि त्यात मुख्य वाटा तोल सांभाळण्याच्या आणि उठबशीच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याबद्दल इतकं खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सकाळचं फिरणं चालू ठेवाच, पण ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. दुसरं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्यांसकट, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांना दाखवा. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या मिळून रक्तदाब किती खाली जातो, हे पिशवी पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

पडणं झालंच तर

कॅमेरा आणि बटण यांची जागा इथे आहे, आधी नाही. फोन खिशात किंवा गळ्यात हवा. चार्जिंगला लावलेला फोन पडलेल्या माणसाच्या कामाचा नाही. दाराची दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलीस व आपत्कालीन मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावा, खाली औषधांची आणि ॲलर्जीची यादी. रोज ठरावीक वेळी एका माणसाशी फोनवर बोलणं ठेवा. तो फोन आला नाही तर कुणी येऊन बघायचं, हेही ठरलेलं असावं. कॅमेरा लावायचा असेल तर ज्यांच्यावर तो रोखलेला असेल त्यांची संमती घेऊनच, आणि झोपण्याच्या खोलीत त्यांनी नको म्हटलं तर लावूच नये. आईवडील स्वतःच्या घरात राहतात ते स्वतःच्या मर्जीने राहता यावं म्हणून.

‘इतकं कशाला?’

पहिला आक्षेप, घर हॉस्पिटलसारखं दिसेल. काही अंशी खरा आहे, आणि तो फुटकळ समजू नये, कारण न आवडणारी वस्तू वापरली जात नाही. ग्रॅब बार आता पितळी, काळ्या रंगात मिळतात. दिवा, कठडा, बदललेली कडी यांत हॉस्पिटलसारखं काहीच नाही. दुसरा आक्षेप, दिवसभर बाई असते. ती रात्री तीनला नसते, आणि पडणाऱ्याला सावरताना तिलाही दुखापत होते. तिसरा, घर भाड्याचं आहे. भिंतीत भोक पाडण्याआधी मालकाला लेखी विचारा. दिवे, मॅट, बाथ चेअर, कमोड चेअर, उंच सीट यांतल्या कशालाही परवानगी लागत नाही आणि घर सोडताना सगळं बरोबर नेता येतं. चौथा आक्षेप, आम्ही अजून ठणठणीत आहोत. उत्तम. मग फक्त एवढंच करा, की पुढची कुठलीही दुरुस्ती निघेल तेव्हा बाथरूमच्या भिंतीत दांड्याची सोय, दाराची रुंदी आणि टू-वे स्विच यांचा विचार त्याच वेळी करा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरात ठेवून टाइल्स फोडता येत नाहीत.

हक्क आणि सरकारी मदत

याच घरात राहायचं तर घर नावावर राहणं ही पहिली सुरक्षितता. सेवेच्या आश्वासनावर हयातीतच बक्षीसपत्र करून देण्याची घाई करू नका. मृत्युपत्राने तीच इच्छा पुरी होते आणि ते केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘देखभाल आणि मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर’ ही अट त्यातच स्पष्ट लिहा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अट असणं गरजेचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, तरी लिहिलेल्या अटीइतकं भक्कम काही नाही. हस्तांतरण रद्द करण्याचा अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. सरकारी मदतीच्या काही सोयी अशा:

- मुख्यमंत्री वयोश्री योजना: ६५ वर्षं पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात.
- आयुष्मान भारत: ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार. घरातल्या बदलांना यातून पैसे मिळत नाहीत.
- एल्डर लाइन १४५६७: माहिती, कायदेशीर मार्गदर्शन आणि छळाच्या तक्रारींसाठी, सकाळी ८ ते रात्री ८. रात्रीच्या तातडीसाठी ११२.

घर नावावर आहे पण हातात रोकड नाही, अशांसाठी २००७ पासून रिव्हर्स मॉर्गेजची, म्हणजे राहतं घर तारण ठेवून बँकेकडून पैसे मिळवण्याची, सोय आहे आणि ती रक्कम घराच्या दुरुस्तीलाही वापरता येते. जुन्या सोसायटीत जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालेलं नसेल तर बँका कां-कूं करतात, म्हणून कागदपत्रं आधी गोळा करा.

पुनर्विकासाच्या वाटेवर असाल तर

‘दोन वर्षांत नवी इमारत होणारच आहे, आता कशाला खर्च?’ हे वाक्य बऱ्याच सोसायट्यांत दहा-दहा वर्षं ऐकू येतं. दिवे, दांडे, मॅट आणि दाराची कडी यांचा खर्च एवढा थोडा आहे, की इमारत सहा महिन्यांत पाडली गेली तरी तो वाया गेला असं म्हणता येणार नाही. ती कामं आताच करा.

आणि तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर कमिटीकडे आजच लेखी मागणी द्या. वाढीव चौरस फूट, कॉर्पस आणि पार्किंग यांवर सभांमागून सभा होतात. एका तरी बाथरूमचं दार तीन फूट मोकळं आणि बाहेर उघडणारं, आत पायरी नाही, कमोडशेजारची भिंत दांडा पेलणारी, प्रत्येक जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, तळाशी एकास बाराचा उतार आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, हे कुणी मागत नाही. नकाशे मंजूर होण्याआधी हे मागितलं तर बिल्डरला फारसा वेगळा खर्च येत नाही. करारात लिहिलेलं नसेल, तर नंतर तो ते करायला बांधील नसतो.